बाबा नापास झाले

१२ फेब्रुवारी

आई,

त्या माणसाविषयी फोनवर एक शब्दही काढायचा नाही, असं तू बजावलं होतंस. मी काढला, तू फोन आपटलास. ठीक. पण कागदाबद्दल तू काही बोलली नव्हतीस, म्हणून हा कागद. फाडायचा तर खुशाल फाड, फक्त वाचून फाड. आज इतकं भारी काहीतरी घडलंय की मी चार मजले धावत चढून आले (लिफ्ट बंद आहे, त्याचं नंतर सांगते) आणि चप्पलसुद्धा न काढता लिहायला बसले.

आधी बाबांचं सांगते. नाही, आधी टॉर्चचं.

आज बाबांना घेऊन मी एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. पोटाच्या हालचालींच्या डॉक्टर. पोटाच्या हालचालींचे वेगळे डॉक्टर असतात हे मला माहीतच नव्हतं. मला बरंच काही माहीत नसतं, ते तू नव्याने सांगायला नको. तर बाबा टेबलावर आडवे झाले, शर्ट वर केला आणि आता बाई पोट दाबणार म्हणून श्वास रोखून पडले. बाईंनी काय करावं? खिशातून टॉर्च काढला आणि बाबांच्या डोळ्यांत मारला! मग खोलीतले दिवे घालवले आणि पुन्हा मारला. मला म्हणाल्या, "इकडे ये, बाहुली बघ."

उजेड पडला की बाहुली पटकन बारीक होते ना? बाबांची होईना. म्हणजे होत होती, पण 'बघू, करू, उद्या या' अशा चालीने. मग बाईंनी माझ्या डोळ्यांत मारला. टुणकन!

"दुखतंय पोट," बाबा म्हणाले. "डोळे चांगले आहेत माझे."

"जीभ दाखवा."

जीभ जुन्या चपलेसारखी कोरडी.

"शेवटचा घाम कधी आला होता?"

बाबा विचारात पडले. "आठवत नाही. बरंच झालं म्हणा. शर्ट खराब होत नाहीत."

मग त्यांनी झोपवून रक्तदाब घेतला आणि लगेच उभं करून पुन्हा घेतला. उभे राहिले तसा आकडा धाडकन खाली आला, आणि बाबाही येत होते, पण सिस्टरने आणि मी दोन्ही काखांत हात घालून धरले. आई, ते हलके लागले. एवढंच सांगते.

बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "हे मनाचं नाही."

तू काय म्हणशील ते मला इथून ऐकू येतंय. ताट सरकवलं असेल, दुसरं काय! मान्य. पडद्यांच्या रंगावरून दोन दिवस उपाशी बसलेला माणूस आहे हा. पकड जागेवर सापडली नाही म्हणून नाश्ता सोडलेला. मी शाळा सोडली तेव्हा तर शाळेपेक्षा त्यांच्या उपासाचीच बोंब जास्त झाली होती. म्हणून तर त्यांनी खरोखरच जेवणं सोडलं तेव्हा कुणीही हूं की चूं केलं नाही. मीही नाही. मी तेव्हा दूर नदीवरच्या बोटीत तिकिटं फाडत होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, "अगं, तुझे बाबा जिन्यात बसलेत आणि त्यांना उठता येत नाहीये," तेव्हा कुठे मी निघाले. ती बोट काय सुंदर होती ते एकदा सांगायचंय तुला, पण आत्ता नको.

आता त्यांचं असं आहे : दोन घास गेले की पोट फुटेल असं वाटतं, आणि सकाळचा घास संध्याकाळी जसाच्या तसा बाहेर. पट्ट्याला त्यांनी खिळा तापवून स्वतःच नवी भोकं पाडलीत. आधीचं हॉस्पिटल म्हणालं, पोटाची तपासणी नॉर्मल आहे, मनाच्या डॉक्टरकडे जा. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्याही उलटून पडल्या.

टॉर्चवाल्या बाईंना (मी त्यांना हेच नाव ठेवलंय) वेगळाच संशय आहे. तो पुढच्या पत्रात, कारण बाबा हाक मारतायत आणि त्यांना उलटी आली की मी जवळ असलेली बरी. बघ, मी राहिलेय. तीन आठवडे झाले एका जागी!

तुझी,
भिंगरी


२० फेब्रुवारी

आई,

तुझं कार्ड आलं. "नाटकं ओळखायला मला टॉर्च लागत नाही." एवढंच! सहीसुद्धा नाही. पण अक्षर नीट कोरून काढलं होतंस, म्हणजे बसून लिहिलंस. मी तेवढ्यावर खूश आहे.

आता संशय सांगते. बाईंनी बाबांना विचारलं, "काय काम करायचात?" बाबा म्हणाले, लिफ्ट दुरुस्ती, सगळा जन्म. बाई एकदम खुलल्या. "मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. लिफ्टची मोटर ठीक आहे. दोर ठीक आहे. पण बटण दाबलं तरी निरोप मोटरपर्यंत पोचत नाही. पोटाचं तसंच झालंय. स्नायू बरे आहेत, पण त्यांना हुकूम देणाऱ्या नसांवर हल्ला होतोय."

"हल्ला कोण करतं?"

"तुमचेच वॉचमन. बाहेरच्या जंतूंवर भुंकायचं सोडून घरच्याच वायरी कुरतडतात. पोटाच्या, डोळ्यांच्या, घामाच्या, रक्तदाबाच्या. वायरी सगळ्यांच्या एकाच जातीच्या."

"मग वॉचमन बदला."

"बदलता येत नाहीत. शांत करता येतात."

बाबांना एवढं पटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. घरी येताना रिक्षात म्हणाले, "वायरिंग म्हणतेय ती. दोन वर्षं सगळे मला डोक्यात बिघाड आहे म्हणतायत, आणि ही बाई वायरिंग म्हणतेय." मग रिक्षाबाहेर बघत बसले.

पण अडचण अशी. बाईंना जे औषध द्यायचंय ते भारी आहे, आणि ते देण्याआधी हॉस्पिटलातले सगळे मोठे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. त्यांचे सगळ्यांत मोठे सर म्हणाले, जुना रिपोर्ट नॉर्मल आहे, पोट वेळेत रिकामं होतंय, मग वायरी तुटल्या कुठे? औषध मिळालं नाही तर आतड्यात कायमची नळी घालायची, आणि जेवण त्या नळीतून. जन्मभर. बाबांना हे मी सांगितलेलं नाही. त्यांना ते माहीत आहे, हे त्यांनीही मला सांगितलेलं नाही.

आता आजची गंमत ऐक! खरंच ऐक!

आपली लिफ्ट महिनाभर बंद आहे. तुझ्या गुडघ्यांची आठवण मला रोज दुसऱ्या मजल्यावर येते. कंपनीची माणसं दुरुस्ती करतायत, आणि सोमवारी तपासनीस येणार. बाबा काय घरात बसतायत? दाराबाहेर स्टूल टाकून, पोटाशी उशी धरून, खाली वाकून ओरडत होते, "रूळांना ग्रीस लावा! दरवाजाच्या चाकांना तेल! अरे, सढळ हाताने लावा!"

मी चहा पीत उभी होते. सहज म्हटलं, "बाबा, महिनाभर कोरडी ठेवली तेव्हा नाही सुचलं का यांना?"

"तपासणीच्या आदल्या दिवशी लावायचं असतं. कोरडं मशीन कुणी तपासनिसापुढे उभं करतं का? पास व्हायला नको?"

आई, माझ्या हातातला कप तसाच राहिला. तुला माहीतच आहे, माझं डोकं एरवी दहा ठिकाणी असतं, पण त्या क्षणी ते एकाच ठिकाणी होतं.

"बाबा, ती पोटाची तपासणी झाली ना, पहिली. तिच्या आधी तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? तयारी."

"म्हणजे?"

"पोट पुढे ढकलायच्या गोळ्या होत्या ना, त्या घेतल्या. आदल्या दिवसापासून. दुप्पट."

"त्या बंद करायला सांगतात!"

"सांगितलंच होतं. बंद करून कसं चालेल? नापास झालो असतो."

"आणि त्यांनी विचारलं नाही, बंद केल्यात का?"

"विचारलं. म्हटलं, हो." माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीच खुळी. "तपासनिसाला कुणी सांगतं का, आत्ताच ग्रीस लावलंय म्हणून?"

मी खाली बसले. हसत होते की काय करत होते कुणास ठाऊक, काकू दार उघडून बघायला आल्या. दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस उपाशी राहिला, कारण तो पास झाला होता!

उद्या सकाळी सगळ्यांत आधी टॉर्चवाल्या बाईंकडे. आता हे पत्र टाकायला खाली जाते. चार मजले. उड्या मारत.

भिंगरी


३ मार्च

आई!!

बाबा नापास झाले! सणसणीत नापास!

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावर कपाळ टेकलं. मग बाबांना म्हणाल्या, "काका, या वेळी एकही गोळी नाही. मशीन कोरडं पाहिजे मला. गंजलेलं असेल तर गंजलेलं." बाबा मान खाली घालून "बरं" म्हणाले. तरी मी गोळ्यांची बाटली काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवून आले. बापावर विश्वास आहे, तपासणीच्या भीतीवर नाही.

तपासणी काय असते माहीत आहे? अंडं खायचं! त्या अंड्यात किंचित चमकणारं औषध मिसळतात, चमक आपल्याला दिसत नाही, फक्त कॅमेऱ्याला दिसते. सोबत पावाचे दोन तुकडे, थोडा जॅम आणि पाणी. पटापट खायचं, मग कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं, थोडं बसायचं, पुन्हा उभं राहायचं. असं चार तास. अंडं पोटातून खाली किती सरकलं ते पडद्यावर दिसतं.

खाणं हीच मोठी परीक्षा होती. अर्ध्यावर आले आणि ओठ मिटले. कॅमेरावाला म्हणाला, "काका, नाही जमलं तर सगळं पुन्हा दुसऱ्या दिवशी करावं लागेल." मी गुडघ्यांवर बसले आणि म्हटलं, "बाबा, हा एक घास पडद्यांसाठी." त्यांनी डोळे वटारले. "हा पकडीसाठी." गिळला. "हा माझ्या शाळेसाठी." तो तर त्यांनी रागाने गिळला. सगळं संपलं!

आणि मग पडदा. काळ्या पडद्यावर एक पांढुरकं वाटोळं. ते बाबांचं पोट, म्हणजे पोटातलं अंडं. मी कधी समुद्रात रात्री चमकणारं पाणी पाहिलं होतं, थेट तसं, पण ते जाऊ दे. पहिल्यांदा पाहिलं, वाटोळं तिथेच. पुन्हा पाहिलं, तिथेच. कॅमेरावाला जेवून आला. वाटोळं तिथेच! मला वाटलं चित्र अडकलंय, मी पडद्याच्या कडेला टिचकीसुद्धा मारली, तो ओरडला माझ्यावर. चार तासांनी बहुतेक सगळं खाली गेलेलं असायला हवं, आणि बाबांचं अर्ध्याहून जास्त अंडं पाहुण्यासारखं ठाण मांडून बसलेलं.

बाई पळत आल्या. खरंच, धावत. पडद्याकडे बोट करून बाबांना म्हणाल्या, "बघा काका. हे नाटक असतं का?"

बाबांनी चष्मा पुसला, लावला, खूप वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, "याचा फोटो मिळेल का एक?"

"कशाला?"

"पाठवायचा होता एके ठिकाणी." मग लगेच म्हणाले, "नको. राहू दे."

फोटो मी मागून घेतला. या पाकिटात आहे. वरच्या बाजूला जे पांढरं दिसतंय, ते.

भिंगरी


२९ मार्च

आई,

मध्ये लिहिलं नाही. कारण सांगते, पण आता सगळं ठीक आहे हे आधी वाच आणि मग पुढचं.

वॉचमन असे बिथरतात तेव्हा कधीकधी शरीरात कुठेतरी छोटी गाठ लपलेली असते, बहुधा छातीत. ते गाठीवर भुंकायला जातात आणि वायरी चावतात. म्हणून पूर्ण शरीराचा स्कॅन. त्या दिवशी बाहेरच्या हॉलमध्ये माशांची टाकी होती. तिच्यात एक निळा मासा होता, तो सारखा काचेला तोंड लावायचा, मागे जायचा, पुन्हा लावायचा. मी त्याच्याशी बोलत बसले होते. बोटीवरचं सगळं सांगितलं त्याला. सफाईवाल्या मावशींनी पाण्याचा पेला आणून दिला, मी न मागता. एवढंच. गाठ नाही! छातीत नाही, पोटात नाही, कुठेच नाही!

आणि तुझं दुसरं कार्ड. ते मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय.

"त्या शेवटच्या उन्हाळ्यात त्याच्या उशीचे अभ्रे कोरडे असायचे. आधी रोज धुवावे लागत, घामाने पिवळे पडत. मला वाटलं, पंखा नवा आहे म्हणून. डॉक्टरीणबाईंना उपयोग होत असेल तर सांग."

मी सांगितलं. बाईंनी विचारलं, "कुठला उन्हाळा?" मी म्हटलं, "आई घर सोडून गेली तो." त्यांनी पेन थांबवलं. "म्हणजे सुरुवात तेव्हाच झाली होती. उत्तम माहिती आहे, आईंना माझे आभार कळव." म्हणून कळवतेय.

आई, त्या दिवशी तू दिवसभर स्वयंपाक केला होतास आणि बाबांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं, आणि तू बॅग भरलीस. हे मला तू एकदा सांगितलंस आणि त्यांनी एकदा. दोघांच्या गोष्टीत ताट सारखंच सरकतं. मी त्यावर काही बोलत नाही. तूही घाईने स्वतःला काही बोलू नकोस. इतक्या वेळा लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्याच्या घरी लांडगा आला की दोष फक्त ऐकणाऱ्याचा नसतो. बाबांना कार्डाचं सांगितलं नाही. फक्त विचारलं, तेव्हा घाम यायचा का. ते म्हणाले, "तुझ्या आईला माहीत असेल. अभ्रे ती धुवायची."

आता रक्ताचा निकाल. वायरी कुरतडणारी गोष्ट रक्तात सापडली, पण अगदी थोडी. इतकी थोडी की ती कधी धडधाकट माणसातही सापडते. मोठे सर पुन्हा "हं" म्हणाले. पण पडद्यावरचं अंडं, टॉर्च, रक्तदाब आणि तुझे अभ्रे (तुझे अभ्रे खरंच त्या मीटिंगमध्ये गेले!) हे सगळं मिळून शेवटी ठरलं : औषध देऊन बघायचं. बाई म्हणाल्या, "या आजारात औषध हीच तपासणी असते. दर आठवड्याला एक बाटली, काही आठवडे, मग पुन्हा अंडं. अंडं हललं तर आपला अंदाज खरा. नाही हललं, तर नळी."

बाबा म्हणाले, "आणि ग्रीस?"

"ग्रीस लावलंत तर मीच तुम्हाला लिफ्टमध्ये अडकवून ठेवीन."

परवा पहिली बाटली.

भिंगरी


२२ एप्रिल

आई,

बाटलीत काय असतं माहीत आहे? माणसं! हजारो माणसांनी दिलेल्या रक्तातून वेगळे काढलेले त्यांचे वॉचमन. शहाणे, शिस्तीचे. ते बाबांच्या अंगात थेंबथेंब सोडतात आणि बाबांच्या पिसाळलेल्यांना म्हणे गर्दीत काही सुचेनासं होतं. मला हे ऐकून वेडच लागलं. मी जिथे जिथे भटकले, ज्यांच्या ट्रकमध्ये बसले, ज्या घड्याळवाल्याने मला पावसात दुकानात झोपू दिलं, ज्या बाईने मला तिची छत्री दिली आणि नाव न सांगता गेली, त्यांतल्या कुणी रक्त दिलं नसेल कशावरून? मी बाबांना म्हटलं, "तुम्ही म्हणायचात ना, भटकून काय मिळालं? ते बघा, टपटप पडतंय."

"गप्प बस, डोकं दुखतंय," बाबा म्हणाले. डोकं खरंच दुखतं त्याने. थंडी वाजते. सिस्टर बाटलीचा वेग कमी करतात आणि बाबांना दटावतात, "काका, घाई कुठली? कुणी लिफ्टमध्ये अडकलंय का?"

खरं सांगते. पहिल्या बाटलीनंतर काही नाही. दुसरीनंतर काही नाही. तिसरीनंतर उलट्या होत्या तशाच. मी रोज त्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारत होते, काकूंचा मागून आणला होता, शेवटी बाबांनी तो हिसकावून घेतला. मी बाहेर जाऊन कठड्याशी उभी राहिले. खाली बसस्टॉप दिसतो. एक लांब पल्ल्याची बस उभी होती, दार उघडं. मी तिचा नंबर वाचला, ती कुठे जाते तेही मला माहीत होतं. मग ती गेली, आणि मी आत येऊन सूप गरम केलं.

आणि काल! काल दुपारी मी मासिक वाचत बसले होते, म्हणजे वाचत नव्हते, चित्रं बघत होते, आणि खोलीत आवाज आला. गुर्रर्र. मला वाटलं खाली लिफ्ट सुरू झाली. पुन्हा, गुर्रर्र. बाबांनी पोटावर हात ठेवला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"तुमचं आहे?"

"माझंच आहे," बाबा म्हणाले. एखाद्याने हरवलेली छत्री परत आणून दिल्यासारखा चेहरा.

मी त्यांच्या पोटाला कान लावला. आई, आत रहदारी होती! बाई म्हणतात, एवढ्यावरून नाचू नकोस. पण तुझ्या लेकीला नाचायला एवढं पुष्कळ आहे.

तू काहीच लिहिलं नाहीस या वेळी. मावशी फोनवर म्हणाली, तू ते पोटाचं चित्र तुमच्या बेकरीतल्या भट्टीशेजारी चिकटवलंयस, आणि कुणी विचारलं की "अंडं आहे" म्हणतेस. चुगली केली म्हणून मावशीला ओरडू नकोस.

भिंगरी


१५ जून

आई,

काल दुसरं अंडं झालं. गोळी नाही, ग्रीस नाही, मी पहाऱ्याला. बाबांनी ते मजेत खाल्लं, वर कॅमेरावाल्याला म्हणाले, "मीठ कमी आहे." आणि वाटोळं सरकलं! आधी लांबट झालं, मग खालच्या बाजूने धार लागल्यासारखं निघालं, आणि शेवटच्या चित्रात तळाशी एवढंसं उरलं होतं. अगदी नव्यासारखं नाही. बाई म्हणाल्या, बाटल्या आता लांब लांब अंतराने चालू ठेवू, काही वायरी परत येतील, काही येणार नाहीत. पण नळी नाही. नळी रद्द! मोठे सर स्वतः आले आणि बाबांचा हात हातात घेऊन हलवला.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. पास झाल्याचं काय, पास ते आधीही झाले होते. खरी बातमी आज रात्रीच्या जेवणाची आहे.

मी ऑम्लेट केलं होतं, मऊ भात आणि सूप. बाबांनी अर्धं खाल्लं असेल. मी आनंदात बडबडत होते, आणि बोलता बोलता निघून गेलं, "आईला अंड्याचं सगळं कळवते मी आता."

चमचा थांबला. "सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळंच. पहिल्यापासून."

"उलट्यांचं?"

"हो."

"मी जिन्यात बसलो होतो, ते?"

"हो."

"गोळ्यांचं?"

"ते तर आधी!"

बाबा लाल झाले. "माझी अब्रू पाकिटात घालून गावोगाव पाठवतेस? मला विचारलंस?" आणि आई, दोन्ही हातांनी, तोच तो आवाज, काचेवर स्टीलचा, ताट सरकवलं! उठले, आत गेले, दार लावलं.

मी तिथेच बसले आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात. बाबा रुसले! आजारी माणूस नको म्हणतो तेव्हा ताटाकडे बघत नाही गं. हे ऑम्लेटकडे बघत उठले. जेवावंसं वाटत असताना जेवले नाहीत! दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे सोडायला भूक होती!

ताट मी उचललं नाही. मुद्दाम. दिवा घालवून बाहेर जाऊन बसले. थोड्या वेळाने दार करकरलं. मी हळूच डोकावले, तर बाबा अंधारात टेबलाशी उभे, हाताने गार ऑम्लेट खातायत. भराभरा. मी दिवा लावला. त्यांचं तोंड भरलेलं होतं. आणि वरच्या ओठावर, मी आधी सूप समजले, बारीक बारीक थेंब होते. जवळ जाऊन पाहिलं. सूप नव्हतं.

"बाबा, घाम!"

त्यांनी बोटाने टिपला, बोटाकडे पाहिलं, आणि घास गिळून खुर्चीत बसले. मग म्हणाले, "लिहिते आहेस तर नीट लिही तिला."

"काय लिहू?"

"लिही, त्या दिवशीचं खरं होतं." ताट पुन्हा स्वतःकडे ओढलं. "आजचं नाटक."

लिहिलं.

लिफ्ट सुरू झालीय, चौथ्या मजल्यापर्यंत. फेब्रुवारीत नापास झाली होती, आता दुसऱ्या खेपेला तपासनिसाने पास केली, आणि बाबांनी ती नंतर कोरडी करून पुन्हा तपासली. म्हणाले, आता कुणाच्याही गुडघ्यांना चालेल.

भिंगरी